खोडरबर, नळ आणि 'बाई, बरोबर आहे ना?'

वही वाचायच्या आधीच बोटांना कळतं. पानाच्या मध्यावर कागद मऊ आणि केसाळ झालेला असतो. उजेडाकडे धरला तर मागच्या पानावरची अक्षरं आरपार दिसतात आणि एकाच ओळीत तीन ठिकाणी भोकं पडलेली असतात. 'शेतकरी' हा शब्द तिथे पाच-सहा वेळा लिहून पुसलेला. शेवटी जो राहिला तो पहिल्यासारखाच, कारण पहिल्यांदाही तो बरोबरच होता. रबराचा चुरा बाकाच्या खाचेत नीट गोळा करून ठेवलेला. फळ्यावरचं पुढचं सगळं लिहायचं राहिलेलं. आणि खाली लाल पेनाने शेरा: 'अपूर्ण. फार हळू लिहितो. पालकांची सही आणणे.'

आम्ही दोघी मुंबईतल्या मराठी शाळेत काम करतो. एक समुपदेशक, एक वर्गशिक्षिका. अशी वही आमच्याकडे येते ती बहुतेक वेळा 'याला जरा समजवा' असं म्हणून. त्यामागे मंत्रचळ हा मनाचा आजार असेल, तर जून ते एप्रिल काय काय करावं लागतं आणि त्यातलं काय फसतं, ते इथे लिहितो आहोत. उदाहरणं वेगवेगळ्या मुलांची आहेत, इयत्ता आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मंत्रचळ हा मराठीतला जुना शब्द. डॉक्टर याला ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. मनात नको असलेला विचार घुसतो: हाताला काहीतरी लागलंय, अक्षर चुकलंय, माझ्यामुळे आईचं काहीतरी वाईट होईल. विचार मुलाला स्वतःलाच नकोसा असतो, पण तो हटत नाही. भीती चढते. मग मूल काहीतरी करतं. धुतं, पुसतं, मोजतं, परत पहिल्यापासून वाचतं, कुणाला तरी विचारतं. भीती उतरते, दोन मिनिटांपुरती. तेवढ्यात मन शिकून घेतं की पुसलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती लवकर येते आणि जास्त पुसावं लागतं. शाळेत जे करायचं त्याचा सगळा हिशोब या चक्रावर आहे. मुलाची भीती त्या क्षणी उतरवणारी मदत कितीही मायेने केलेली असली, तरी चक्राला आणखी एक फेरा देऊन जाते. हे पचायला सगळ्यात जड जातं ते मायाळू बाईंना.

मुलांमध्ये आजार पुष्कळदा दहाव्या वर्षाच्या आसपास दिसू लागतो, म्हणजे चौथी ते सहावी. नेमक्या त्याच वयात पेन्सिल जाऊन पेन येतं, विषय वाढतात आणि वह्या-तपासणी कडक होते. त्यामुळे 'अभ्यास झेपत नाही' हा अंदाज आधी येतो. 'आळशी', 'हट्टी' हे त्याच्या पाठोपाठ. उलट टोकाला 'किती टापटिपीचा मुलगा' असं कौतुकही होतं, आणि ते जास्त नुकसान करतं, कारण मग वर्षभर कुणी काही बघत नाही.

लक्षणं आपल्याच घरच्या सवयींचे कपडे घालून येतात. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करणं आपण सगळ्यांनीच शिकवलेलं आहे. एक नमस्कार ही रीत. पण दप्तर बाकाखाली सरकवताना पायाला नुसतं लागल्यासारखं वाटलं म्हणून सात नमस्कार, मध्ये कुणी बोललं की परत एकपासून, आणि तोवर गणिताची तीन उदाहरणं होऊन गेलेली, हा मंत्रचळ. परिपाठाला प्रार्थनेच्या मध्येच मनात देवाबद्दल वाईट शब्द आला म्हणून ओठ हलवत तीच ओळ पुन्हापुन्हा म्हणणारी मुलगी दिसायला भाविक दिसते. घरी सोवळं-ओवळं असेल तर आजीला नातवाचं हात धुणं आवडतंसुद्धा.

मुंबईच्या पावसाळ्यात तर भीतीला खरा आधार मिळतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ शकतो हे खरंच आहे. महापालिका दरवर्षी सांगते, बातम्यांत येतं. मुलाला 'पाण्यात काही नसतं' म्हणणं खोटं ठरतं आणि ते त्याला लगेच पकडता येतं. आम्ही एवढंच ठरवून ठेवलं आहे: डॉक्टर सगळ्या मुलांना जे सांगतात तेवढं करायचं, त्याच्या पुढचं नाही. घरी गेल्यावर पाय साबणाने एकदा धुवायचे, जखम असेल किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवायचं. शाळेत पोहोचल्यावर दर तासाला मोजे बदलणं या यादीत नाही.

न दिसणारी लक्षणं जास्त आहेत. पाण्याची बाटली भरलेली आणली आणि तशीच परत गेली, तर मूल शाळेचं शौचालय टाळतंय का ते बघावं. डबा न उघडता परत जाणं. वर्गात शिरताना उंबऱ्याशी अडखळणं, उजवा पाय आधी पडावा म्हणून एक पाऊल मागे घेणं. वाचनाच्या तासाला डोळे एकाच ओळीवर. आणि सगळ्यात जास्त, 'बाई, बरोबर आहे ना?' दिवसातून पंधरा वेळा, उत्तर मिळालेलं असतानाही.

पहिले दोन आठवडे आम्ही काहीही बदलत नाही, फक्त नोंद ठेवतो. वहीच्या एका पानावर सहा रकाने: वेळ, विषय, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, किती मिनिटं, आणि मोठ्या माणसाने काय केलं. शेवटचा रकाना शिक्षकांना आवडत नाही, पण खरी माहिती तिथेच मिळते. एका मुलाच्या पानावर दिसलं की मराठीच्या तासाला तो चार वेळा विचारतो आणि विज्ञानाच्या तासाला एकदाही नाही. कारण साधं होतं. विज्ञानाचे सर मान वर न करता 'लिही पुढे' म्हणायचे, मराठीच्या बाई प्रत्येक वेळी जवळ जाऊन वही बघायच्या. शौचालयाला जायच्या वेळा मावशींना विचाराव्या, त्यांना बरोबर माहीत असतं. ३५ मिनिटांच्या तासात सात-सात मिनिटं दोनदा गेली की तासाचा गाभा गेला. पालकांना हे मिनिटांत सांगितलं की समजतं, 'सारखा जातो' म्हटलं की भांडण होतं.

एक गोष्ट मात्र थांबू देत नाही. लक्षणं दोन-तीन दिवसांत, अगदी अचानक सुरू झाली असतील, विशेषतः घसा दुखून ताप येऊन गेल्यावर, तर नोंदी करत बसायचं नाही, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं.

पालकांची भेट. दोघांनाही बोलवावं, मुलाला वर्गात ठेवावं, आणि स्टाफरूममध्ये बसू नये. आजाराचं नाव आम्ही घेत नाही. निदान करणं समुपदेशकाचं काम नाही, आणि नाव घेतलं की बाकी काही ऐकू येत नाही. नोंदीचं पान पुढे ठेवतो आणि विचारतो, 'घरी असं काही दिसतं का?' बहुतेक वेळा आई गप्प बसते आणि मग एकदम सगळं सांगते. चाळीत किंवा लहान खोलीत राहणाऱ्या घरी ताण आणखी वेगळा असतो. पाणी सकाळी ठरावीक वेळच येतं, एका मुलाच्या आंघोळीत पिंप रिकामं होतं, मग आरडाओरडा. आई दाराबाहेर उभी राहून 'झालं स्वच्छ, झालं' असं दहा वेळा म्हणते तेव्हा तो बाहेर येतो. बाबा म्हणतात, 'लाडाने बिघडलाय.' या भेटीत आम्ही दोनच वाक्यं पक्की ठरवलेली असतात. 'तो हे मुद्दाम करत नाही.' आणि 'तुमच्या वाढवण्यामुळे हे झालेलं नाही, पण कमी करायला तुमची मदत लागेल.' लेखी संमती घेतो, त्यात कुणाला किती सांगायचं ते नावानिशी: वर्गशिक्षिकेला सगळं, विषयशिक्षकांना फक्त वागायचं कसं तेवढं, व्हॅनवाल्या काकांना काहीच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे आणि लहान मुलालाही तो आहे. शाळेतल्या चर्चेत हे सगळ्यात आधी विसरलं जातं.

तज्ज्ञ शोधताना विचारायचा प्रश्न एकच: 'तुम्ही ईआरपी करता का?' भीती वाटते ती गोष्ट मुद्दाम, थोडी थोडी करायची आणि त्यानंतरची धुण्या-पुसण्याची कृती करायची नाही, अशी ही पद्धत. व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये तिची सुरुवात केली आणि मंत्रचळावरच्या उपचारात आजही तीच पाया आहे. नुसते दीर्घ श्वास, 'सकारात्मक विचार कर' किंवा विचार आला की मनगटावरचं रबरबँड ओढायला सांगणं याने मंत्रचळ जात नाही. अशा सल्ल्यात सहा महिने घालवून आलेली मुलं आम्ही पाहिली आहेत, आणि ते सहा महिने परत मिळत नाहीत. खाजगी सत्रांचा खर्च झेपत नसेल तर परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. सकाळी लवकर जावं लागतं. दुपार अधिवेशनाच्या मुलाला ते जमतं, सकाळच्या मुलाची शाळा बुडते. म्हणून आठवड्याचा वार आधी ठरवून त्या दिवशी चाचणी ठेवायची नाही, एवढं शाळेने करावं. रात्री-अपरात्री घरात कुणी हबकलं तर केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं.

औषधाबद्दल घरोघरी भीती असते. आम्ही सल्ला देत नाही, माहिती देतो. २००४ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवर झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनी आजारातून जवळजवळ बाहेर आलेल्या मुलांचं प्रमाण असं होतं: वर्तनोपचार (ज्यात ईआरपी येते) आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्यांत ५३.६ टक्के, फक्त वर्तनोपचारात ३९.३, फक्त औषधात २१.४, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीत ३.६. औषधाचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून 'पंधरा दिवस झाले, काही फरक नाही' म्हणून बंद करू नये. शाळेने बघायचं ते वेगळं आहे. पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर मूल फार अस्वस्थ, चिडचिडं, झोप उडालेलं दिसलं, किंवा मरण्याबद्दल काही बोललं, तर त्याच दिवशी पालकांना फोन, आणि पालकांनी डॉक्टरांना. सोमवारची वाट बघायची नाही.

मग योजना. एकच कागद, एकच बाजू. त्याहून मोठं झालं की कुणी वाचत नाही. बसतात चौघं: आई किंवा बाबा, वर्गशिक्षिका, समुपदेशक आणि मूल स्वतः. मुलाला वगळून केलेली योजना पहिल्या आठवड्यातच मोडते. थेरपिस्टशी फोनवर बोलून पायऱ्या ठरवतो, कारण कोणती भीती कधी समोर आणायची हे तेच सांगणार. शाळेने स्वतःच्या मनाने 'आज लाव बरं हात कचऱ्याच्या डब्याला' असं कधीही करू नये.

लहान मुलांना आजाराला नाव द्यायला सांगतात. एकाने 'चिकट्या' ठेवलं होतं. नावाचा उपयोग खरोखर होतो. ओरडा चिकट्यावर जातो, मुलावर नाही.

कागदावरच्या प्रत्येक सवलतीपुढे आम्ही एक रकाना ठेवतो: 'याच्या खालची पायरी काय, आणि कोणत्या तारखेला?' तो रिकामा असेल तर ती सवलत देत नाही. हा नियम आम्ही चुका करून शिकलो. आधी सवलती द्यायचो आणि त्या तिथेच राहायच्या. मुलाला शौचालयाला हवं तेव्हा जायची मुभा दिली, तीन आठवड्यांत पाचाचे नऊ फेरे झाले. 'पूर्ण लिहायची गरज नाही' म्हटलं, महिन्याने मूल काहीच लिहीत नव्हतं. सवलतीने त्या दिवसापुरतं बरं वाटलं आणि चिकट्या वाढला.

खोडरबराची पायरी कशी चढवली ते सविस्तर सांगतो. पहिला आठवडा: रबर बाकावरच, पण एका पानात पाच वेळा, प्रत्येक वेळी समासात एक टिंब. फक्त मोजणं. दुसरा: तीन टिंबं. तिसरा: रबर बाईंच्या टेबलावर, हवं असेल तर उठून आणायचं. उठण्यात जो अर्धा मिनिट जातो त्यात निम्म्या वेळा मूल सोडून देतं. चौथा: पुसायचं नाही, चूक वाटली तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं. पाचवा: प्रत्येक पानावर मुद्दाम एक शब्द थोडा वाकडा लिहायचा आणि तसाच ठेवायचा. पाचव्या पायरीला वह्या तपासणाऱ्या सगळ्या शिक्षकांना आधी सांगावंच लागतं, नाहीतर कुणीतरी नेमका त्या वाकड्या शब्दाला लाल गोल करतं आणि महिन्याचं काम जातं. आमचं गेलं आहे. बदली तासाला आलेल्या शिक्षकांना काहीच माहीत नव्हतं. तेव्हापासून हजेरीपटाच्या आतल्या पानाला एक पिवळी चिठ्ठी असते, मुलाचं नाव नसलेली: 'हजेरी क्र. २३: खोडाखोडीवर शेरा नको. प्रश्नाला उत्तर एकदाच.'

पायरी चढताना मूल घाबरतं. कान लाल होतात, पाय हलायला लागतात, पेन्सिल कागदावर टेकते पण चालत नाही. त्या वेळी जवळ उभं राहायचं आणि विचारायचं, 'शून्य ते दहा, किती?' तो म्हणतो, 'आठ.' आपण म्हणायचं, 'बरं. आठ असू दे. पुढचा शब्द लिही.' एवढंच. 'काही होणार नाही रे' म्हणायचं नाही. तोंडाशी आलं तरी म्हणायचं नाही, कारण तोही दिलासाच, आणि दिलाशाने तो पुन्हा विचारायला शिकतो. गोष्ट सांगून मन दुसरीकडे वळवायचं नाही. दोन-तीन मिनिटांनी परत विचारावं. कधी सहा झालेलं असतं, कधी आठच राहतं, आणि तेही चालतं. आठ असताना हात चालला हे त्याला कळणं जास्त कामाचं.

'बाई, बरोबर आहे ना?' याला सगळ्या शिक्षकांनी एकच उत्तर द्यायचं. माहिती हवी असेल, म्हणजे खरंच पान क्रमांक किंवा शब्दाचा अर्थ, तर एकदा सांगायचं. तोच प्रश्न परत आला तर: 'हे चिकट्या विचारतोय. मी त्याला उत्तर देत नाही.' आवाज साधा, चेहरा साधा, आणि लगेच पुढच्या बाकाकडे. थांबलात की तो तिसऱ्यांदा विचारणार. पहिले चार-पाच दिवस प्रश्न वाढतात. अपेक्षितच आहे, पण सांगून ठेवलं नसेल तर याच दिवसांत शिक्षक म्हणतात, 'तुमच्या योजनेने बिघडलं', आणि परत उत्तरं द्यायला लागतात. त्यामुळे मूल शिकतं की अजून थोडं जोर लावला की मिळतं. सुरू करून अर्धवट सोडण्यापेक्षा सुरू न केलेलं बरं.

हात धुण्यासाठी ठरवलेलं असं: डब्याआधी आणि शौचालयानंतर, साबण एकदा, वीस सेकंद, नळ बंद, परत मागे वळायचं नाही. बाकीचे वर्गमित्र करतात तेवढंच. सॅनिटायझरची बाटली दप्तरात असेल तर ती पायरीपायरीने घरी राहायला हवी, एका दिवसात काढून घेऊ नये. शौचालयाला तासातून बंदी हाही मार्ग नाही. मूल लघवी रोखून धरतं, पाणी पिणं सोडतं, आणि दुखणं वेगळंच होऊन बसतं.

वर्गाबाहेर उभं करणं, वही फाडणं, 'बघा याचं सुरू झालं' असं वर्गासमोर म्हणणं, हे शिस्तीत बसत नाही आणि कायद्यातही नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे.

आणखी तीन ठिकाणी हमखास चुकतं. एक, बाकावरचा मित्र. 'त्याने पुसलं तर मला सांग' म्हणून त्याला पोलीस केलं की मैत्री जाते. मित्राला काम द्यायचं तर फळ्यावरचं राहिलेलं वहीतून दाखवायचं, बस. दुसरं, कार्ड. काही मुलांना बाहेर जायची वेळ आली की दाखवायला लाल कार्ड देतात. एका मुलीने ते उजव्याच हाताने, डोळे मिटून, तीनदा वर करून दाखवायला सुरुवात केली. उपाय मंत्रचळाचा भाग झाला होता. असं दिसलं की उपाय बदलायचा, कार्डाऐवजी नुसती मान हलवणं, आणि थेरपिस्टला कळवायचं. तिसरं, जादा वेळ.

जादा वेळेबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण पालक सगळ्यात आधी तेच मागतात. मंत्रचळ असलेल्या मुलाला पेपरात अर्धा तास जास्त दिला तर तो अर्धा तास बरेचदा परत तपासण्यात जातो. पहिल्या पानापासून, तीनदा. घटक चाचणीला आम्ही आधी वेळ वाढवत नाही. प्रत्येक प्रश्नानंतर पान उलटायचं आणि मागे यायचं नाही, पर्यवेक्षकांनी दर वीस मिनिटांनी बाकावर बोटाने एक टकटक करायची, रबर आणायचंच नाही. मूल लिहिताना थिजत असेल, म्हणजे हात खरोखर थांबत असेल, तर कमी प्रश्न किंवा तोंडी उत्तरं. आणि एवढं करूनही पेपर पुरा होत नसेल तेव्हा वेळ, तोही सहामाहीला जितका दिला त्यापेक्षा वार्षिकला कमी करायचा या बेताने. नववीपर्यंत परीक्षा शाळेच्या हातात असते, तेवढं करता येतं.

दहावीला कागद लागतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, पण परीक्षेच्या सवलतींसाठी साधारणपणे ४० टक्के किंवा जास्त असं प्रमाणपत्र मागतात, आणि मंत्रचळाच्या पुष्कळ मुलांचं तेवढं येत नाही. यायला नकोच. ज्यांचं येतं त्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. हे नववीत असतानाच हाती घ्यावं. दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ केली तर रुग्णालयाच्या तारखा मिळत नाहीत. केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि शाळेच्या नोंदीची पानं यांच्या झेरॉक्स पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवाव्यात.

एका प्रकारच्या विचारांना शाळा फार घाबरते. मूल येऊन सांगतं, 'ताई, मला वाटतं मी शेजारच्याला कंपास टोचेन.' किंवा घाणेरडी चित्रं मनात येतात म्हणून रडतं. हे ऐकून मुलाला वेगळं बसवणं, कंपासपेटी काढून घेणं, इतर पालकांना कळवणं, असं घडलेलं आहे. मंत्रचळात असा विचार मुलाला भयंकर वाटतो. ते स्वतःच कंपासपासून लांब बसतं, हात मांडीखाली दाबून ठेवतं. करायची इच्छा आणि करण्याची भीती यातला फरक तज्ज्ञाने तपासायचा असतो, म्हणून पाठवायचं त्याच आठवड्यात. पण तोवर मुलाला एवढं सांगता येतं: 'नको असलेले विचार सगळ्यांच्या डोक्यात येतात. तू मला सांगितलंस हे चांगलं केलंस.' एकदाच सांगायचं. ते परत परत येऊन तोच कबुलीजबाब देऊ लागलं तर ती कबुलीही धुण्यासारखीच झालेली आहे.

गणपतीची सुट्टी आणि दिवाळी यानंतरचा पहिला आठवडा वाईट जातो. घरी पाहुणे, दिनक्रम नाही, पायऱ्या सुटलेल्या. आम्ही सुट्टीनंतर दोन पायऱ्या खालून सुरू करतो आणि मुलाला आधीच सांगून ठेवतो की असं होणार आहे. आजाराचे चढउतार होतच राहतात. चाचण्यांच्या आठवड्यात, घरात आजारपण आलं की, डोळे आले म्हणून वर्गात सूचना फिरली की तो डोकं वर काढतो. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी शेवटच्या तासाला दहा मिनिटं, चौघांपैकी तिघं तरी उभ्या उभ्या कागद बघतात. ते दहा मिनिटं सुटली की योजना कपाटात जाते.

एप्रिलमध्ये निकालाबरोबर हा कागद पुढच्या वर्गशिक्षिकेकडे जातो, पालकांच्या नव्या सहीने. त्यावर आजाराचा इतिहास लिहीत नाही. लिहितो ते एवढंच: कोणत्या पायरीवर आहे, बोलायचं कसं, काय बोलायचं नाही, आणि थेरपिस्टचा फोन. मागच्या एप्रिलमध्ये दिलेल्या एका कागदावरच्या शेवटच्या दोन ओळी मुलानेच लिहिल्या होत्या, रबर न वापरता. 'बाई, मी पुस्तकाला पाय लागला तर एकच नमस्कार करतो. दोन केले तर मला सांगू नका, मला माहीत असतं.' 'माहीत'मधली दुसरी वेलांटी पहिल्यांदा ऱ्हस्व पडली होती. तिच्यावर एक आडवी रेघ आहे आणि शब्द पुढे परत लिहिलेला आहे.